तुम्ही विचारलंत म्हणून: मानसशास्त्र पुरेसं का नव्हतं?

मानसशास्त्रात एम.ए. झालेलं असताना पुन्हा लिंगभाव अभ्यासात (बाई असणं, पुरुष असणं याला समाज काय अर्थ देतो, याच्या अभ्यासात) एम.ए. कशाला, आणि आता पीएच.डी.लाही दोन्ही का, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, नोकरीच्या मुलाखतीत विचारला गेलाय, आणि जुने वर्गमित्र तर भेटले की हटकून विचारतात. दर वेळी "आवड आहे" म्हणून मी वेळ मारून नेते. पण नुसत्या आवडीपायी कोणी घरच्यांशी इतकी वर्षं वाद घालत नाही. म्हणून एकदा नीट सांगते.

दुसऱ्या एम.ए.ने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही आणि पगारही वाढत नाही, हे मला प्रवेश घेतानाच माहीत होतं. आणि "तू स्वतः तशी, म्हणजे समलैंगिक, आहेस का?" या आडून येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, पुढचं सगळं तुम्ही त्या एका उत्तरावरूनच ऐकाल.

पहिल्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षी एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात माझी प्लेसमेंट होती. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरचा, ते संबंध गुन्ह्यातून वगळणारा 2018 चा निकाल अजून लागायचा होता. एका मुलाला त्याचे वडील आणि मामा घेऊन आले. विशीतला, घरची शेवंती मार्केट यार्डात नेणारा. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) मित्राला पाठवलेले मेसेज घरच्यांच्या हाती लागले होते. फोन काढून घेतला होता. मुलाची स्वतःची तक्रार एकच होती: झोप लागत नाही.

मला सांगण्यात आलं, एमएमपीआय घे. ही व्यक्तिमत्त्व मोजायची अमेरिकन चाचणी. साडेपाचशेहून जास्त विधानं, प्रत्येकाला बरोबर किंवा चूक म्हणायचं. मी ती मराठीत वाचून दाखवत होते. त्यात पौरुष-स्त्रीत्वाची पाचवी श्रेणी आहे. पुरुषाला कविता आवडत असतील, यंत्रांवरची मासिकं आवडत नसतील, की त्या श्रेणीवरचे गुण वाढतात. फुलविक्रेत्याचं काम आवडेल का, असंही एक विधान आहे. त्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही तेच तर करतो."

मी उत्तर नोंदवलं. गुण वाढले. अहवालात "लैंगिक ओळखीबाबत गोंधळ" असं आलं, आणि झोपेचा उल्लेख अगदी शेवटच्या ओळीत. वडिलांनी विचारलं, "लग्न केलं की सुटेल ना?" वरिष्ठ म्हणाले, "बघू." ते "नाही" म्हणाले नाहीत.

नंतर मी वरिष्ठांना विचारलं, ही मोजपट्टी कोणी ठरवली? मिनेसोटात, 1940 च्या आसपास, समलैंगिक पुरुष ओळखता यावेत या हेतूने ती श्रेणी सुरू झाली होती, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथल्या माणसांवर बेतलेलं माप इथे फुलं विकणाऱ्या घरातल्या मुलाला का लावायचं? उत्तर मिळालं: "हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. इथे नको." प्रश्न इथलाच होता. त्याच टेबलावरचा, त्याच फायलीतला. तो मुलगा पुन्हा आला नाही.

तुम्ही म्हणाल, मानसशास्त्र सुधारलं की आता. मान्य. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून 1973 साली काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली. पौरुष आणि स्त्रीत्व ही एकाच रेषेची दोन टोकं नव्हेत, हे सँड्रा बेम यांनी 1974 सालीच मांडलं, आणि त्या मानसशास्त्रज्ञच होत्या. आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की समाजाच्या नैतिक चौकटीत न बसणं हा आजाराचा निकष होऊ शकत नाही. तरीही "मुलाला नॉर्मल करून द्या" असे फोन मला आजही येतात. आणि हे पाश्चात्त्य फॅड आहे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी मुंबईत 1927 साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1934 साली त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. हे प्रश्न मराठीत विचारून झालेले आहेत.

पण लिंगभाव अभ्यासाच्या वर्गात सगळं मिळालं, असंही नाही. तिथे मोजपट्टी कोणाची, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारता आला. मला रडू आलं होतं. पुढे मात्र सत्ता, चर्चाविश्व (एखाद्या गोष्टीबद्दल समाज ज्या भाषेत बोलतो ते), समाजाची रचना यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या त्याच वर्गातल्या मुलीला हॉस्टेलवर रात्री पॅनिक अटॅक आला, तेव्हा तिला श्वास मोजायला लावणं माझ्या पहिल्या एम.ए.नेच शिकवलं होतं. त्या मुलालाही झोप हवी होती. रचनेची चिकित्सा करून त्याला झोप लागली असती का? मला नाही वाटत. त्याचं माप घेऊनही लागली नाही.

प्रवेशाच्या अर्जात मी लिहिलं होतं, "मला या दोन विषयांमधला पूल व्हायचं आहे." ती अर्ज लिहिणारी मुलगी भेटली तर मी तिच्याशी भांडेन. दोन्ही काठ आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त ये-जा नाही, असं तिने गृहीत धरलं होतं. ती म्हणेल, मग सोडून का नाही देत? यावर माझ्याकडे नेमकं उत्तर नाही. मिशिगन विद्यापीठात या दोन विषयांची संयुक्त पीएच.डी. आहे, म्हणजे हे वेड माझ्या एकटीचं नाही, एवढं म्हणू शकते.

सध्या माझ्या मार्गदर्शक मानसशास्त्राच्या आहेत, सहमार्गदर्शक लिंगभाव अभ्यासाच्या. मुलांना "उपचारासाठी" आणणाऱ्या पालकांच्या मुलाखती हा प्रबंधाचा गाभा आहे. एक मॅडम म्हणतात, पालकांच्या चिंतेचं माप घे, प्रश्नावली लाव. दुसऱ्या म्हणतात, प्रश्नावली लावलीस तर तू पुन्हा त्याच टेबलाशी बसलीस. दोघींचे शेरे एकाच मसुद्यावर आहेत, आणि मला दोघींचंही पटतं. प्रश्नावली लावायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही.