पथकात का जायचं?

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलीने विचारलं, ताई मी पण ढोल पथकात येऊ का, पण खरं सांगू का मला वाजवायचं वगैरे काही नाहीये, पुण्यात माझं कोणीच नाही म्हणून यायचंय. आणि हे सांगताना तिला इतकं अवघडल्यासारखं झालं होतं की मलाच वाईट वाटलं.

अगं, हे कारण चांगलंच आहे की! मी लातूरहून आले तेव्हा वर्षभर रूम ते ऑफिस एवढंच करत होते, रविवारी दिवसभर कोणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. माणसाला माणसं लागतात, त्यात लाजायचं काय.

पण तिला माझं पहिलं वर्ष पण सांगितलं. मला पहिल्या रांगेतच उभं राहायचं होतं, मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर लोकांनी बघावं, फोटो गावी जावेत, की बघा हिचं पुण्यात किती छान चाललंय. सरावाला कोणी सांगितलं की तुझा हात चुकतोय तर मी घरी जाऊन रडायचे. म्हणजे इतक्या माणसांत असून एकटीच होते, कारण सगळा वेळ आपण कसे दिसतोय यातच जायचा.

फरक पडला तो ताशामुळे. ठेका ताशावाला देतो, ढोलवाल्याने त्याच्याकडे कान ठेवायचा, तीस ढोल असले तरी एकच आवाज यायला हवा, एकाने जरी जोर दाखवायला पुढे वाजवलं तरी लगेच कळतं. पथकात शिकवणारे दादा म्हणाले, तू वाजवतेस छान पण ऐकत नाहीस. ते फार लागलं तेव्हा. मग हळूहळू ऐकायला लागले आणि शेजारचीचं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, कधी थकतंय ते पण कळायला लागलं, मग तिला पाणी द्यायचं, तिने मला द्यायचं, असंच जमत गेलं सगळं.

आता गणपतीला दोन महिने आहेत, नदीपात्रात सराव सुरू झालाय. पावसाळी हवेत चामड्याचं पान ढिलं पडतं, त्यामुळे सरावाआधी ढोल ताणावे लागतात आणि ते एकट्याचं काम नाही, एकाने ढोल दाबून धरायचा दुसऱ्याने दोरी ओढायची. काल ती मुलगी आली. मी म्हटलं, धर घट्ट. तासाभराने तिचे हात लाल झाले होते आणि ती दुसऱ्या एका मुलीला विचारत होती, तू कुठली गं?