पंप बिघडलेलाच नव्हता

गेले साडेतीन महिने माझी गाडी एकाच पद्धतीने बंद पडत होती. सकाळी पहिल्या सेल्फला ती सुरू होई, अर्धा-पाऊण तास उत्तम चाले आणि मग चालता चालता अचानक तिचे इंजिन थांबे. झटके नाहीत, धूर नाही, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवाही आधी लागलेला नसे; स्टीअरिंग एकदम जड होई, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडलही दगडासारखे घट्ट होई. एकदा हे भर रहदारीत, आई मागच्या सीटवर बसलेली असताना घडले, आणि गाडी कडेला घेईपर्यंतचे ते काही क्षण मी विसरू शकत नाही. सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरे, म्हणजे बॅटरीत दम होता, पण ते सुरू मात्र होत नसे. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटे थांबले की तीच गाडी काहीच घडले नसल्यासारखी सुरू होई.

असा बिघाड मेकॅनिकची सगळ्यात मोठी परीक्षा घेतो, कारण गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती ठणठणीत असते. पहिल्या दोन वेळा तसेच झाले. गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड सापडला नाही. तिसऱ्या वेळी गाडी जवळच बंद पडल्यामुळे मेकॅनिक स्वतः आला. त्याने मागच्या सीटखालचे झाकण काढून पेट्रोलच्या पंपावर बोटे ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितले. पंप फिरत नव्हता. बिघाड सापडला असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटले आणि मी नव्या पंपाला होकार दिला. पंप महाग होता. नऊ दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली. मग रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलला, त्यानंतर ठिणगीसाठीची इग्निशन कॉइल, आणि शेवटी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, बदलून पाहू असा प्रस्ताव आला. त्याची किंमत ऐकल्यावर मी थांबलो आणि गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली.

त्यांनी गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला. गाडी बंद पडल्यावर किल्ली फिरवली, पण सेल्फ मारला नाही, तर मागून दोन सेकंद घूं असा आवाज येतो का? मला तो आवाज स्पष्ट आठवत होता. रस्त्याच्या कडेला शांततेत बसून मी तो दर वेळी ऐकला होता, आणि त्याला काही अर्थ असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

अर्थ असा होता. किल्ली फिरवल्यावर ईसीयू पंपाला साधारण दोन सेकंद वीज देतो, नळीत दाब तयार करतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन खरोखर फिरते आहे अशी खूण मिळाली तरच तो पंप पुन्हा चालू करतो. अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, हा त्यामागचा एक हेतू असतो. ही खूण देतो क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्टसोबत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यासोबत, एक दातेरी चाक फिरते, बऱ्याच गाड्यांत ते ६० पैकी २ दाते गाळलेले असते, आणि त्याच्या शेजारी बसलेला सेन्सर प्रत्येक दात जाताना एक ठोका पाठवतो. ठोके थांबले की ईसीयूच्या लेखी इंजिनच थांबलेले असते, म्हणून तो ठिणगी, इंजेक्टर आणि पंप हे तिन्ही बंद ठेवतो. आमच्या गाडीत कोड का उमटला नाही, याचेही उत्तर यातच होते: ईसीयूला इंजिन नुसते थांबलेले वाटले, बिघडलेले नाही. पंप फिरत नव्हता हे मेकॅनिकचे निरीक्षण अगदी बरोबर होते. पण पंपापर्यंत वीज पोहोचते आहे का, हे त्याने मोजले नाही, आणि मोजायला मीही सांगितले नाही.

इलेक्ट्रिशियननी तरीही लगेच सेन्सर बदलला नाही, याचे मला फार मोल वाटते. स्कॅनर लावलेला ठेवून ते माझ्यासोबत गाडीत बसले आणि गाडी बंद पडेपर्यंत आम्ही फिरत राहिलो. अडतीस मिनिटांनी ती थांबली. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरताना कानांना ऐकू येत होते आणि स्कॅनरवर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, शून्य दिसत होता. त्यांनी तारांचा कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला, तर आतली तार तुटल्यासारखे दाखवले. आम्ही तिथेच थांबलो आणि सेन्सर निवल्यावर त्याच पिनांवर सुमारे ९०० ओहम आले, म्हणजे तार पुन्हा जुळली होती. आतल्या बारीक तारेला तडा गेला होता. उष्णतेने तो उघडे, गारव्याने पुन्हा मिटे.

अंगठ्याएवढा तो सेन्सर एका बोल्टवर बसतो, आणि पंपाच्या पैशांत तसे अनेक सेन्सर आले असते. नवा बसवल्यापासून गाडी एकदाही थांबलेली नाही.

जुना पंप मी तेव्हाच मागून घेतला होता. तो घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो आणि घडलेले सगळे सांगितले. मेकॅनिकने वाद घातला नाही. पूर्ण कोरडा झालेला तो पंप त्याने क्षणभर बॅटरीला जोडला आणि तो पहिल्या झटक्यात फिरला. पंप बसवण्याची मजुरी त्याने पुढच्या सर्व्हिसच्या बिलातून वजा केली. पंपाचे पैसे मात्र गेले, कारण बसवलेला भाग दुकानदार परत घेत नाही.