तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या गावांची पुस्तकं

पाहुणे आले की चहा उकळेपर्यंत कोणीतरी कपाटापाशी जाऊन उभं राहतं. "अहो, तुमचं गाव सातारा जिल्ह्यात, आणि ही कुठल्या कुठल्या इंग्लिश-आयरिश खेड्यांची पुस्तकं कशाला?" एरवी मी हसून वेळ मारून नेते. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, म्हणून सांगते.

सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, पहिल्यांदा इंग्लंडला, आमच्याकडे लेस्टर शहरात आले आणि पंधरा दिवसांत कंटाळले. शेत नाही, गुरं नाहीत. मी त्यांना शहराच्या पूर्वेला इंगर्सबीला नेलं. तिथे बघायला काय, तर गवत. नीट पाहिलं तर त्यात एक खोलगट वाट दिसते, बाजूला घरांच्या जागांचे उंचवटे. १४६९ मध्ये लेस्टरच्या मठाने मेंढ्यांसाठी इथली जमीन कुंपणात घेतली आणि गाव उठलं. लेस्टरशायरच्या जुन्या कुरणांत जागोजागी दिसतात तसे जुन्या नांगरटीचे लांबच लांब वरंबेही मी त्यांना दाखवले. ते सरळ नसतात, टोकांना बाक असतो. त्याचं कारण मी आदल्याच आठवड्यात पुस्तकात वाचलं होतं आणि सांगायला अगदी उतावीळ होते.

मामा म्हणाले, "नांगर किती बैलांचा?"

"आठ."

"मग बरोबर आहे. एवढी जोड बांधाला येऊन एकदम वळत नाही. आधीपासून बाक द्यायला लागतो."

माझं व्याख्यान तिथेच संपलं.

ते पुस्तक म्हणजे डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांचं 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप', १९५५ चं. इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा विद्यापीठातला पहिला विभाग १९४८ मध्ये आमच्या लेस्टरलाच सुरू झाला, तो त्यांच्याच हाताखाली. दप्तरात जे सापडत नाही ते कुंपणात, वाटेच्या वळणात, शेताच्या आकारात सापडतं, हे मला त्यांनी शिकवलं. शेवटच्या प्रकरणात मात्र ते आधुनिक काळावर इतके चिडतात की पारावरच्या आजोबांची आठवण होते. ते प्रकरण मी दरवेळी गाळते.

या वाचनाचा नाद लागला की माणूस थोडा येडा होतो. निसर्ग-अभ्यासक मॅक्स हूपर यांचा एक प्रसिद्ध आडाखा आहे: झुडपांच्या कुंपणाचे तीस यार्ड मोजायचे, त्यात जितक्या जातींची झाडं तितकी शतकं त्याचं वय. मी आमच्या घरामागचं कुंपण मोजलं, ते चारशे वर्षांचं निघालं. शेजारीण म्हणाली, घरं बांधली तेव्हा कंत्राटदाराने मिश्र रोपं आणून लावली होती.

पेव्हस्नर यांचे इंग्लंडमधल्या इमारतींची ओळख करून देणारे 'बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड'चे ४६ खंड (१९५१ ते १९७४) लोक आदराने जपतात. चर्चचं दार कोणत्या शतकातलं हे बघायला उत्तम, पण त्या दारातून आत-बाहेर करणारी माणसं त्यात क्वचितच भेटतात. जुन्या तपकिरी फोटोंची पुस्तकंही प्रत्येक गावात मिळतात, पण ती त्या गावकऱ्यांनीच चाळावीत.

आयर्लंडची गोष्ट निराळी. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. त्यामुळे तिथल्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसराची, पुस्तकं लिहिणारा माणूस जमिनीच्या नावांना धरून चालतो. 'टाउनलँड' म्हणजे साधारण आपलं शिवार, आणि अशी साठ हजारांवर आहेत. आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओ'डोनोव्हन १८३० च्या दशकात मोजणी खात्यासाठी गावोगाव हिंडले, म्हाताऱ्यांना विचारून ही नावं टिपत राहिले.

आणि मग १९३७ ते १९३९. लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतल्या थोरल्या मुलांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, लिहून आणा. पन्नास हजारांच्या आसपास मुलं, सुमारे ७ लाख ४० हजार पानं. पवित्र विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, पुरलेलं धन, घरगुती औषधं. हे सगळं आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं. गळवावरचा उपाय एकाच गावातली दोन पोरं दोन तऱ्हांनी सांगतात आणि दोघंही आपल्याच आजीची शपथ घेतल्यासारखी ठाम. जाडजूड ग्रंथांपेक्षा मला ही पानं जास्त पटतात. माझ्या कपाटातल्या बऱ्याच आयरिश पुस्तकांचा मालमसाला तिथलाच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पहिलं पुस्तक कोणतं घेऊ? दुकानात जाऊच नका. इकडे आलात की एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये शिरा. दाराजवळच्या टेबलावर बहुधा गावाच्या इतिहासाची पिना मारलेली पातळ पुस्तिका असते, कोणातरी निवृत्त शिक्षकाने लिहिलेली. विकायला कोणी बसलेलं नसतं, भिंतीत पैशांची पेटी असते. तेवढे एक-दोन पौंड सुटे ठेवा खिशात.