तुम्ही विचारलंत म्हणून : अजून सायकलच?

लग्नात पंगतीला बसलो की कुणीतरी हमखास विचारतं, "काय हो, अजून सायकलच? पोरगा नोकरीला लागला की!"

घरात ॲक्टिव्हा आहे. बायको चालवते, वेळ पडली तर मीही. म्हणजे परवडत नाही, हे उत्तर बाद. मग तुमच्या तोंडावर दुसरा प्रश्न दिसतो, जो तुम्ही विचारत नाही: हा चिक्कू की खुळा?

बेळगावात अनगोळहून उद्यमबागेतल्या कारखान्यात मी तीस वर्षं लेथवर गेलो. सुरुवातीला पाळी सुटली की रस्ता भरून सायकली, हँडलला डबे. तेव्हा कुणी विचारलं नाही. हळूहळू एकेक जण गाडीवर गेला आणि मी उरलो, एवढंच झालंय. तत्त्व वगैरे काही नाही. (पेपरात सायकल-फेरीचे फोटो येतात, हेल्मेट-बिल्मेट घालून, त्यातला मी नव्हे.)

आपल्याकडं मराठी-कानडीचं कशावर जमत नाही, पण सायकलवाल्यावर जमतं. "ए, साइडिगे होगो!" आणि "ओ, बाजूला व्हा की!" एकाच मिनिटात, एकाच सुरात. वर "टॅक्स भरता काय रस्त्याचा?" आमच्या वडिलांच्या सायकलीला बिल्ला होता, त्याचा कर ते भरायचे. तेव्हा तरी रस्ता त्यांचा होता काय, देव जाणे.

आता चौथ्या रेल्वे गेटाचं सांगतो. जुलै, चार दिवस धो धो पाऊस. गेट बराच वेळ पडलेलं. उघडल्यावर दोन्हीकडून एकदम घुसतात, तुम्हाला माहीतच आहे. रूळ ओलांडताना चाक आडवं, काटकोनात न्यायचं असतं, तिरपं गेलं की खाचेत बसतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मागून हॉर्न थांबेना, डावीकडून बाइक घुसली, मी वळलो आणि पुढचं चाक रुळाशेजारच्या खाचेत. आडवा. डब्यातला भात चिखलात, चष्मा कुठं गेला दिसेना. मागच्या पांढऱ्या कारमधून एक जण उतरला. वाटलं, हात देतोय. त्यानं सायकल उचलली, कडेला टाकली आणि म्हणाला, "काका, सरका की जरा."

मी सरकलो. आणि "सॉरी" म्हणालो. हे घरात अजून सांगितलेलं नाही. गुडघा आठवड्यात बरा झाला.

तो चुकला म्हणावं तर मागं रांग होती, गेट परत पडणार होतं. मीही असतो तर? असतो काय, आहेच. गेल्या महिन्यात ॲक्टिव्हावरून जाताना पुढं शाळेचा एक पोरगा सायकल हलवत चालला होता. २००६-०७ पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या पोरांना सायकली वाटल्या, तेव्हा खेड्यातल्या पोरी घोळक्यानं शाळेला जाताना बघून मीच कौतुक केलेलं. त्या पोराला मी लांबलचक हॉर्न मारला. दचकून तो गटारीकडं गेला. मी थांबलो नाही.

तर का चालवता? सवय म्हणा. हट्ट म्हणा. त्या दिवशी पायडलाची दांडी वाकली, उजवा पाय दर फेरीला जरा घसरतो. मी टर्नर, अर्ध्या तासाचं काम. अजून केलेलं नाही.