युनिव्हर्सल सोडून भाचीकडे

“सर, एवढे पैसे भरून सिंगापूरला गेलात आणि मोकळा दिवस भाचीच्या घरी काढलात? भाची काय, दिवाळीला भेटतेच की!”

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, दशक्रियेला विचारतात, सोसायटीत खताच्या रांगेत उभा असलो तरी विचारतात. झालं होतं असं, की आमच्या यावल-रावेरकडची काही मंडळी मे महिन्यात मलेशिया-सिंगापूरच्या सहलीला गेली. त्यात आम्ही नवरा-बायकोही होतो. शेवटचा दिवस ज्याचा त्याला मोकळा होता. बाकी सगळे सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओ बघायला गेले आणि आम्ही दोघं भाचीकडे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत भात थंड व्हायला नको.

पहिलं कारण लोकलाजेचं, ते कशाला लपवू. भाचीच्या गावात जायचं, हॉटेलात उतरायचं आणि तिचं घर न बघता परत यायचं, हे खानदेशात चालतं का? आमचं विमान मुंबईला टेकायच्या आत सावद्याला बहिणीकडे बातमी पोचली असती. मग प्रत्येक कार्यात ‘तू कशाला येशील रे आमच्या दारात’ हे ऐकत बसा. शिवाय आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती. आखाजीला लेक माहेरी आली नाही तर आईला घास गोड लागत नाही. पण या पोरीच्या मुलाची शाळा तिथली, मोठ्या सुट्ट्या जूनमध्ये आणि वर्षाच्या शेवटी. आखाजीचा झोका तिच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलेला नाही. मग सांजोऱ्या घेऊन मामानेच जायचं.

सांजोऱ्यांबरोबर बिबड्या, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड आणि बहिणीने केलेला काळा मसाला. मसाल्याबद्दल भाचीने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं, “मामा, आईला सांगा, खसखस नको.” अफूच्या बोंडातली म्हणून खसखशीवर तिथे निर्बंध आहेत. चघळायच्या तंबाखूला तर सरळ बंदीच. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मुंबई विमानतळावर पुडी आणि चुन्याची डबी कचरापेटीत टाकली, तेव्हा एरवी त्यांची टर उडवणाऱ्यांपैकीही कोणी हसलं नाही.

मला पहाटे पाचला उठायची सवय. सिंगापुरात सातपर्यंत अंधार. शहर विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेलं, त्यामुळे बारा महिने सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. घड्याळही सूर्याच्या तासभर पुढे लावलेलं आहे. गरमीचं म्हणाल तर जळगावचे ४५ अंश अंगावर घेतलेला माणूस ३२ ऐकून हसतोच. मीही हसलो. पण आपलं ऊन कोरडं, सावलीत गेलं की सुटका. तिथे सावलीतही सदरा पाठीला चिकटलेला, आणि रात्री धुतलेला रुमाल सकाळी दमटच.

भाची घ्यायला आली ती मेट्रोने. नवरा कामावर, मुलगा शाळेत. “मामा, आधी बाजार करून घेऊ, मग घरी,” म्हणाली आणि निघाली. चालते इतकी भराभर की मामी दोनदा थांबली. मेट्रोच्या डब्यात खाल्लं-प्यायलं तर ५०० डॉलर दंडाची पाटी, शेजारी ड्युरियन हे वासाचं फळ आणू नये म्हणून त्याचं काट मारलेलं चित्र. बायकोने हातातली सांजोरी मुकाट्याने पिशवीत परत ठेवली.

आता ‘दिवाळीला भेटतेच की’ या बोलण्याबद्दल. दिवाळीला भेटते ती बहिणीची लेक. चार दिवसांसाठी आलेली, आईच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरणारी, सगळ्यांनी ‘बस गं, तू नको करू’ म्हणून बसवून ठेवलेली. सिंगापुरात मला दिसली ती वेगळीच बाई. कोणत्या दारातून उतरलं की जिना जवळ पडतो हे तिला ठाऊक. कोणाकडची कोथिंबीर दुसऱ्या दिवशी काळी पडते हे ठाऊक. चिनी म्हातारीशी ती वेगळ्या तालात इंग्रजी बोलते, तामीळ दुकानदाराशी वेगळ्या, आणि आमच्याकडे वळून “मामा, अठी कार्ड टेकवा लागते” म्हणते. सावद्याला ही मुलगी एकटी बँकेत गेली तरी बरोबर कोणीतरी जायचं. इथे मीच तिच्या मागे मागे.

बाजार म्हणजे लिटल इंडियातलं टेक्का सेंटर, बफेलो रोडला लागून. एके काळी या भागात गुरांचा व्यापार चालायचा, म्हशींचे गोठे होते. आता म्हैस रस्त्याच्या पाटीवर तेवढी उरलीय. सावद्याच्या गुरांच्या बाजारात लहानपण गेलेल्या भाचीला ही जागा का आवडत असेल, हे मला विचारावं लागलं नाही. आत एकीकडे मासळी आणि मटण, दुसरीकडे भाजीपाला, खाली फरशी सतत ओली. कढीपत्त्याचे ढीग, शेवग्याच्या शेंगा, हातभर लांब जांभळी वांगी. आणि केळी.

मी शाळेत मास्तर होतो हे खरं, पण घरची केळीची बाग आजही आहे. केळी दिसली की आमच्याकडचा माणूस जे करतो तेच मी केलं. फणी उचलली, उलटी केली आणि देठाकडून बघितली. चीक सुकलेला, डाग नाही, माल चांगला. ही मोठी केळी फिलिपिन्सची, वर कंपनीचं स्टिकर लावलेलं. जात कॅव्हेंडिश, म्हणजे आमच्या बसराई आणि ग्रँड नैनचीच भावकी. शेजारी बोटाएवढी पिवळीधमक ‘पिसांग मास’ लटकलेली. साल कागदासारखी पातळ, गर थोडा केशरटाकडे झुकलेला, गोडी अशी की दोन खाल्ल्यावर तिसऱ्याला हात जातोच. ट्रकात भरून दिल्लीला पाठवायच्या लायकीचं हे केळं नव्हे, रावेरच्या पुढे जाईपर्यंत त्याचा गर होईल.

पण माझी नजर अडकली ती केळीपलीकडे. दुकान एका तामीळ बाईचं, वय साठीच्या पुढचं असावं. तिच्याकडे केळीची पानं गुंडाळून ठेवलेली, केळफुलं ओळीने मांडलेली, आणि खोडाच्या आतला पांढरा गाभा वीत-वीत लांबीचे तुकडे करून रचलेला. सगळ्याला भाव. बायकोने एक केळफूल उचललं आणि मोठ्याने म्हणाली, “अवं माय, हे तर आपन ढोरायपुढे टाकतो!” खरंच आहे. बाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, आणि सगळ्या फण्या सुटल्या की केळफूल आम्ही मोडून टाकतो, घड पोसला जावा म्हणून. घड कापला की खोड बांधावर. पानं तर वाऱ्याने फाटून तशीच लोंबतात, भरीत पार्टीला चार तोडतो तेवढीच.

भाचीने त्या बाईला सांगितलं की मामाची केळीची शेती आहे, इंडियात, जळगावला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्या बाईने जळगाव हे नाव बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. तिने एकच विचारलं, पानं कोणाला विकता? कोणालाच नाही, मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आम्ही शाळेत गृहपाठ न करता आलेल्या पोराकडे बघायचो. मग आम्ही तिच्याकडून पानं विकत घेतली. होय, डॉलर मोजून. ही गोष्ट मी पंगतीत सांगतो तेव्हा लोक हसतात आणि मग त्यांना पुढचं काही ऐकायचं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

तिथेच आम्ही कॉफी आणि तळलेली केळी घेतली, ‘गोरेंग पिसांग’. या खाण्याच्या बाजारांना तिकडे हॉकर सेंटर म्हणतात. त्या संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. एका टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं. मी तिथे बसायला गेलो तर भाचीने दंड धरून थांबवलं. कोणीतरी पाकीट ठेवून जागा धरली आहे म्हणे. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच. फरक इतकाच, की तिथे त्यावरून भांडण होत नाही. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाही ठेवला तर २०२१ पासून दंडाची सोय आहे. दंडाबद्दल बोलू तितकं थोडं, पण एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. दिवसभरात मला पोलीस दिसला नाही आणि कोणाला थुंकताना पण बघितलं नाही.

भाचीचं घर सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत, भाड्याचं. मंडळ १९६० चं. आज तिथले सुमारे ८० टक्के लोक अशाच घरांत राहतात, त्यामुळे ‘सरकारी क्वार्टर’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. कोणत्या इमारतीत चिनी, मलय, भारतीय किती टक्के राहतील यालाही १९८९ पासून मर्यादा आहे. एका समाजाची वेगळी गल्ली होऊ नये म्हणून. आमच्या गावाची रचना ज्यांना माहीत आहे त्यांनी यावर काय तो विचार करावा.

मला तिथे सगळ्यात आवडला तो तळमजला. घरं पहिल्या मजल्यापासून सुरू होतात, खाली नुसते खांब आणि मोकळी जागा. म्हातारे बसलेले असतात, पोरं खेळतात. भाचीने सांगितलं, मलय लोकांचं लग्न इथेच लागतं, चिनी माणूस गेला तर त्याचं प्रेतही काही दिवस इथेच ठेवतात, लोक रात्र रात्र बसतात. म्हणजे मांडव आणि अंत्ययात्रा एकाच ठिकाणाहून, आणि वरच्या मजल्यावरचे सगळे त्याच्या बाजूने ये-जा करत राहतात. बायकोने विचारलं, विटाळ-बिटाळ? भाची म्हणाली, “मामी, लिफ्ट एकच आहे.”

दुपारी वरण-बट्टी आणि भरीत. आपली हिरवी भरिताची वांगी तिथे कुठली! लांबड्या जांभळ्या वांग्यांचं केलं होतं. काळजाला हात लावून सांगतो, तितकं जमलं नव्हतं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला काडकीच्या जाळाची चव येणार कुठून? पण जेवलो ते केळीच्या पानावर, आणि पानाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून बट्टी दोन जास्तच खाल्ल्या. शाळेतून आलेला नातू मला ‘मामाआजोबा’ म्हणून वाकून नमस्कार करून गेला आणि आत जाऊन हिंदीची वही काढून बसला. शाळेत मातृभाषेच्या तासाला मराठीची सोय नाही, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांची आहे. घरात लेवा बोली, वर्गात हिंदी, मैदानावर त्यांचं ते इंग्रजी. पोरगं बिनधास्त आहे, काळजी फक्त सावद्याच्या आजीला.

चारच्या सुमारास पाऊस आला, धो-धो. आमचा बेत बोटॅनिक गार्डनला जायचा होता. मला वाटलं बुडाला. पण इमारतीपासून बसथांब्यापर्यंत छप्पर घातलेली वाट आहे, पाय न भिजता पोचलो. वाटेत जावयाने, तो कामावरून परस्पर आला होता, धोबी घाट स्टेशनाजवळ कॅथे इमारतीचा दर्शनी भाग दाखवला. २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली ती इथेच. आता आत सगळं नवं आहे. आम्ही उभे राहिलो, फोटो काढला, पुढे निघालो.

बाग १८५९ ची, जागतिक वारसा यादीत २०१५ ला आली. प्रवेश फुकट, ऑर्किडच्या भागाला तेवढं तिकीट. ब्राझीलचं रबर आशियात रुजलं त्यात या बागेचा मोठा वाटा. रिडली नावाच्या संचालकाने झाड न मारता चीक काढायची पद्धत इथेच बसवली आणि शेजारच्या मलायाची शेती बदलून गेली. मी मात्र रेंगाळलो आलं-हळदीच्या भागात. केळी आणि हळद वनस्पतिशास्त्रात एकाच गणातली. आमच्याकडे जो केळी लावतो तो बऱ्याचदा हळदही लावतो, पण ही दोन्ही जवळची आहेत हे बांधावर कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मी तर मास्तर!

रात्री हॉटेलवर सगळे भेटले. युनिव्हर्सलवाल्यांचे पाय दुखत होते, फोटो झकास होते. मला त्यांचा हेवा वाटला नाही असं नाही. नातवंडं बरोबर असती तर मीही तिकडेच गेलो असतो.

केळफुलाचं पुढे काय केलं, हाही प्रश्न आता येऊ लागलाय. यंदा बाग निसवल्यावर मी दोन गोण्या केळफूल जळगावच्या भाजीबाजारात नेऊन बघितलं. व्यापारी म्हणाला, सर, दहा-बारा ठेवा, बाकी घरी घेऊन जा, इथे सोलायचा वेळ कोणाला आहे? मुंबईला मागणी आहे म्हणतात, पण तिथवर गाडीभाडं निघत नाही. पानांचं अजून बघायचंय. कोणाला चालू बाजार माहीत असेल तर सांगा.