बीटलचे ओरिजिनल पार्ट: शोध मागच्या सीटखालून सुरू करा

जुनी फोक्सवॅगन बीटल दारात आली की पहिल्या आठवड्यात पार्टची यादी तयार होते आणि दुसऱ्या आठवड्यात मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या पार्टबाजारात फोन जातो. पैसे वाया जायला सुरुवात होते ती इथून. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात आलेल्या गाड्या आहेत, नंतर इतर वाटांनी आलेल्याही आहेत, आणि साठेक वर्षांत एकीचं काढून दुसरीला लावत बऱ्याच गाड्यांची खिचडी झाली आहे. आज गाडीवर दिसतं ते तिचंच असेल, असं धरून चालायचं नाही. हरवलेला पार्ट शोधण्याआधी गाडी कुठल्या महिन्यातली आहे ते ठरवा, कारण बीटलच्या बाबतीत ‘ओरिजिनल’चा अर्थ त्या महिन्यावर अवलंबून असतो.

फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष जानेवारीत नाही, ऑगस्टमध्ये बदलायचं. १९६० च्या सप्टेंबरात बनलेली गाडी कंपनीच्या लेखी १९६१ ची. कागदावर नोंदणीचं वर्ष असतं, आणि गाडी जहाजातून येऊन शोरूममध्ये पडून राहिली असेल तर तेही पुढे सरकलेलं. म्हणून आरसी बुकावर विसंबू नका, चासी नंबर पाहा. मागची सीट उचलली की मधल्या बोगद्यावर (तळाच्या मधोमध गेलेल्या पत्र्याच्या उंचवट्यावर) तो ठोकलेला असतो. पुढे डिकीत, स्पेअर टायरच्या मागे पत्र्यावर छोटी प्लेट असते तीही पाहा, पण प्लेट बदलता येते, बोगदा सहसा कोणी बदलत नाही. गंज असेल तर हाताने वायर ब्रश मारा आणि थोडं रॉकेल वापरा. ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबर पुसट झाला की आरटीओत नुसते हेलपाटे. सँडब्लास्टिंगला पाठवतानाही नंबरावर जाड टेप लावूनच पाठवा.

चासी नंबर १६००४४० पासून पुढे म्हणजे ऑगस्ट १९५७ नंतरची, मोठ्या मागच्या काचेची गाडी. त्याआधी मार्च १९५३ पर्यंत मागची काच दोन तुकड्यांची होती आणि तिथून जुलै १९५७ पर्यंत लंबगोल. ३१९२५०७ ही ऑगस्ट १९६० ची सीमा, आणि गोव्यातल्या गाड्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. ४०१०९९५ पासून ऑगस्ट १९६१.

ऑगस्ट १९६० ला एवढं महत्त्व का? एक्सपोर्ट मॉडेलमध्ये त्या महिन्यात ३० ऐवजी ३४ अश्वशक्तीचं इंजिन आलं, चारही गिअर सिंक्रोमेशचे (न घासता पडणारे) झाले, पेट्रोलची टाकी चपटी झाली, ऑटो चोकचा सोलेक्स २८ पिक्ट कार्ब्युरेटर आला आणि दारामागच्या खांबातून बाहेर येणारे सेमाफोर (वळण दाखवणारे हात) जाऊन लुकलुकणारे इंडिकेटर आले. दोन्ही इंजिनं ११९२ सीसीचीच, त्यामुळे विकणारा बेधडक ‘१२०० चं आहे, बसेल’ म्हणतो. इंजिन बसेल, पण एकाचे पार्ट दुसऱ्याला चालत नाहीत. ओळख सोपी आहे: जुन्या इंजिनात डायनॅमोचं स्टँड क्रँककेसबरोबरच ओतलेलं असतं, नव्यात ते वेगळं, नटांनी बसवलेलं. ३४ अश्वशक्तीच्या इंजिनांचे नंबर ५०००००१ पासून सुरू होतात. स्पीडोमीटरसुद्धा बोलतो. जुन्यावर आकडे १२० पर्यंत, नव्यावर १४० पर्यंत, आणि व्हीडीओ कंपनीच्या मीटरवर महिना-वर्षाचा शिक्का असतो. चाकाच्या रिमवरही तारीख ठोकलेली असते. पाचही रिम काढून तारखा लिहून घ्या. पैकी तीन एका वर्षाच्या निघाल्या तर उरलेल्या दोन कुठून तरी आल्या हे उघड आहे.

एवढ्यावर भागत नसेल तर जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून चासी नंबरावरून जन्मदाखला मागवता येतो. तारीख, रंग आणि गाडी कुठल्या देशाला रवाना झाली ते त्यात असतं. शुल्क पडतं, पण चुकीच्या रंगाचा एक डबा आणि चुकीचे दोन दिवे यांच्यापुढे ते काहीच नाही.

आता पार्ट नंबर. तीन-तीन आकड्यांचे तीन गट असतात. पहिला गट मॉडेलचा, १११ किंवा ११३ बहुधा बीटलच. दुसऱ्या गटातला पहिला आकडा विभाग सांगतो: १ इंजिन, २ टाकी आणि सायलेन्सर, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग, ५ मागचा अ‍ॅक्सल, ६ चाकं-ब्रेक, ७ पेडल-लिव्हर, ८ बॉडी, ९ इलेक्ट्रिकल. म्हणजे ९४५ मागचे दिवे, ९५७ स्पीडोमीटर, ८३७ पुढच्या दाराची कुलपं आणि हँडलं. शेवटी ए, बी असं अक्षर असेल तर ती सुधारित आवृत्ती. इथे एक फसगत ठरलेली असते. पार्टवर व्हीडब्ल्यूचा शिक्का आहे, नंबर आहे, डबाही कंपनीचा आहे, पण वर ‘इंडुस्ट्रिया ब्राझिलेइरा’ किंवा ‘एचो एन मेक्सिको’ लिहिलेलं. ब्राझीलमध्ये बीटल १९९६ पर्यंत (मध्ये खंड पडून) आणि मेक्सिकोत जुलै २००३ पर्यंत बनत होती. पार्ट खरा, कंपनीचाच, तरीही १९५९ च्या गाडीला परका. इंजिनाच्या आत कोण बघतंय? दिव्यात आणि हँडलमध्ये मात्र दिसतं. आमचं मत असं, की चालण्याचे पार्ट मेक्सिकोचे चालतील, डोळ्यांना दिसणारे नकोत.

रबराच्या बाबतीत तर उलट शहाणपण. ‘जुना साठा, जर्मन, सील न फोडलेला’ असा ब्रेकचा रबर किट कोणी देत असेल तर हात जोडा. साठ वर्षांचं रबर डब्यातसुद्धा कडक होतं. पेट्रोल पंपाच्या जुन्या डायफ्रामचं तेच, आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे तर त्याचा टिकाव लागणं कठीण. ब्रेकच्या सिलिंडरचा एटीई कंपनीचा मूळ बॉडी ठेवा, आतून पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह (नळी) टाका, रबर नवं घाला. शिक्का तुमचा राहतो आणि ब्रेकही लागतात.

मग शोधायचं काय? दाराची हँडलं, दिव्यांच्या रिंगा, मीटर, काचा, बाजूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि ऑगस्ट १९६० पूर्वीची गाडी असेल तर सेमाफोर. पिस्टन, बेअरिंग, क्लच नवे मिळतात, त्यांच्यामागे वणवण नको.

सेमाफोर मात्र शोधण्याआधी खोलून बघा, कारण गोव्यात ‘मेला’ म्हणून फेकलेले बरेचसे नुसते चिकटलेले असतात. आत एक कॉइल, तिच्यात सरकणारा लोखंडी दट्ट्या, वर हात आणि हातात ३ वॅटचा बारीक बल्ब. खाऱ्या हवेने पिन गंजते, कोणीतरी तेल सोडतं, त्यावर धूळ बसते आणि दट्ट्या अडकतो. हात वर येत नसताना स्विच चालू राहिला की कॉइल तापून जळते. बॅटरी काढा, युनिट खांबातून बाहेर घ्या, दट्ट्याची नळी रॉकेलने धुऊन कोरडी करा. पिनेला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दट्ट्याला तेही नाही. हाताच्या बिजागरापाशी बल्बची वायर वाकून वाकून तुटलेली असते, ती मऊ, बारीक तारांच्या वायरीने बदला. मग हात वर असताना टर्मिनलवर व्होल्ट मोजा; या गाड्या सहा व्होल्टच्या. साडेपाचच्या खाली आले तर दोष बहुतेकदा युनिटचा नसतो, अर्थिंगचा असतो: खांबाचा पत्रा घासून स्क्रू परत आवळा. कॉइल खरंच तुटली असेल तर पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे द्या, पण जुनी तार उलगडताना वेढे मोजायला आणि तारेचा गेज मायक्रोमीटरने बघायला सांगा. अंदाजाने भरलेली कॉइल एक तर हात उचलत नाही, नाही तर जळते.

गोव्यात शोधायचं तर भंगारअड्ड्यांत फारसं हाती लागत नाही, तिथे आलेली गाडी चटकन कापली जाते. मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या जुन्या गॅरेजच्या माळ्यावर जास्त मिळतं. वयस्क मेस्ताला (मेकॅनिकला) ‘बीटलचे पार्ट आहेत का’ विचारलं तर नाही म्हणेल, कारण त्याच्या लेखी तो कचरा आहे. तुमचा तुटका पार्ट हातात घेऊन जा. आकार बघितला की त्याला आठवतं. सासष्टी-बार्देशातल्या जुन्या घरांच्या शेडमध्ये उभ्या गाड्यांबद्दल मात्र घाई नको. गाडी बऱ्याचदा चार भावंडांच्या नावावर, त्यातली दोन परदेशात. एकाकडून हँडल विकत घ्याल आणि दुसरा येऊन भांडेल.

मुंबईला ऑपेरा हाऊस, कुर्ला आणि चोरबाजारातली मटण स्ट्रीट ही फेरी जुनीच. मापाला व्हर्निअर, लोहचुंबक आणि नमुना जवळ ठेवा. मूळ हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं, चुंबक चिकटणार नाही. हबकॅप आणि बंपर पोलादी, चिकटलंच पाहिजे. जस्ताच्या ओतीव पार्टवर क्रोमखाली फोड दिसले तर ते खड्डे आतपर्यंत गेलेले असतात. नुसतं पुन्हा क्रोम करून भागत नाही. खड्डे साफ करून, तांब्याचे थर चढवून, घासून मगच निकेल-क्रोम.

तळाचा पत्रा हा वेगळा विषय. बॅटरी मागच्या सीटखाली, त्यामुळे आम्ल सांडून त्या बाजूचा पत्रा आधी जातो. दुसरी जागा दोन्ही बाजूंच्या हीटर चॅनलची, म्हणजे दाराखालून गरम हवा नेणाऱ्या पोकळ पत्र्यांची. गोव्यात हीटर कोण लावतो, म्हणून ते बुजवून टाकणारे आहेत, पण बॉडीचा भार तेच पेलतात. तळाचे डावे-उजवे अर्धे पत्रे घेऊन मूळ बोगद्याला वेल्ड करा, पूर्ण दुसरा चासी नको. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, तेवढं आधी ठरवा.

बाहेरून मागवताना ‘वापरलेला’ शब्द बिलावर आला की अडचण. भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे, परवाना लागतो. त्यामुळे परदेशातून न वापरलेला जुना साठाच घ्या, आणि बिलावर पार्ट नंबर व खरी किंमत लिहून मागा. पैसे पाठवण्याआधी नंबराच्या बाजूचा आणि मागच्या बाजूचा, दोन्ही फोटो हवेत. आलेला पार्ट गाडीला लागेपर्यंत जून ते सप्टेंबर मधे येतोच: क्रोमला व्हॅसलीन लावा, सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि पार्टला गंज चढतो.