मधली वीस मिनिटं

दुपारी दोनच्या सुमारास मित्राचा मेसेज आला. ‘काल बघितलास ना? कसा वाटला?’

पहिला प्रश्न निरुपद्रवी होता. दुसऱ्यानं माझी वामकुक्षी घालवली. मी ‘छान आहे’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘बरा आहे’ लिहिलं, तेही खोडलं. हा चित्रपट त्याला अतोनात आवडलेला आहे हे मला ठाऊक होतं, आणि आपल्याला आवडलेल्या चित्रपटाला समोरचा ‘बरा आहे’ म्हणाला की आपल्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ असा शेरा पडल्यासारखं वाटतं. शेवटी फोन पालथा ठेवला आणि छताकडे बघत पडलो.

खरी अडचण निराळी होती. चित्रपट मी पाहिला होता, पण सगळा नव्हे. मध्यंतरानंतर कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा नायकाच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, आणि जिच्याशी तो मघापर्यंत धड बोलतही नव्हता त्या बाईच्या स्वयंपाकघरात उभा राहून तो डाव्या हातानं कपबश्या विसळत होता. म्हणजे मधे बरंच काही घडून गेलं असणार. शेजारी बायको टक लावून पडदा बघत होती. अशा वेळी तिला ‘हा हात कसा मोडला गं?’ असं विचारण्याइतका मी नवखा नवरा नाही. घरी आल्यावर विचारावं, तर झोप लागल्याची कबुली द्यावी लागणार. तेव्हा तो हात अजून माझ्यापुरता आपोआपच मोडलेला आहे.

चित्रपटात झोपणं ही माझी जुनी खोड आहे. घोरत नाही, मान पाडत नाही, हनुवटीला हात लावून अत्यंत विचारी चेहऱ्यानं झोपतो. अंधारात मला कुणी पाहिलं तर हा मनुष्य चित्रपटात खोल बुडालाय असंच वाटेल. साधारण वीस मिनिटं. आणि तरीही आजवर पाहिलेल्या एकूण एक चित्रपटांबद्दल मी मत दिलेलं आहे. कुणी मागितलं नसेल तेव्हाही दिलेलं आहे.

त्यात फारसं कठीण काही नसतं, कारण चित्रपटाबद्दल मत द्यायची आपली एक ठरलेली बोली आहे. तिचा कोश कुणी अजून केलेला नाही एवढंच. ‘फोटोग्राफी सुंदर आहे’ म्हणजे कंटाळा आला. ‘वेगळा आहे’ म्हणजे कळला नाही. ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणजे मी सोसलाय, आता तुझी पाळी. ‘मेसेज चांगला आहे’ असं कुणी म्हणालं की त्या चित्रपटात मेसेजखेरीज काही नाही हे समजून चालावं. ‘आपल्याला तर बाबा आवडला’ यातला ‘तर बाबा’ नीट ऐकण्यासारखा असतो; बोलणाऱ्यानं हल्ला होणार हे गृहीत धरून हात आधीच डोक्यावर घेतलेले असतात. कुणाच्याही मतावर ‘मूळ पुस्तक वाचलंयस का?’ एवढंच म्हणून गप्प बसणारा एक इसम प्रत्येक घोळक्यात असतो. त्यानं पुस्तक वाचलेलं असतं का, हे त्याला उलट विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

माझं ठेवणीतलं वाक्य म्हणजे ‘सेकंड हाफ ढेपाळतो’. हे जवळजवळ कुठल्याही चित्रपटाला लागू पडतं, ऐकणारा मान डोलावतो, आणि वर आपण मांडणीचा वगैरे विचार करून पाहतो असंही दिसतं. सेकंड हाफमध्ये तो ढेपाळला होता की मी, हे कोण तपासायला येतंय?

पण मित्राच्या बाबतीत हे वाक्य चाललं नसतं. त्यानं लगेच ‘कुठे ढेपाळतो?’ असं विचारलं असतं. तो तसाच आहे.

मला एक कळत नाही, सगळ्यांना मत इतक्या तातडीनं का हवं असतं. पडद्यावर अजून नावं सरकताहेत, दिवे लागताहेत, आपण सीटखाली चप्पल चाचपतोय, तेवढ्यात शेजारून येतंच, ‘काय, कसा वाटला?’ माझं मत त्या वेळी जन्मालासुद्धा आलेलं नसतं. ते तिसऱ्या दिवशी वगैरे येतं, डोक्यावर पाणी घेताना. तोवर सगळे पुढच्या चित्रपटाला लागलेले असतात, आणि मग माझं ते खरंखुरं, स्वतःचं मत मोरीतच वाहून जातं.

घाईतल्या मतांनी काय काय होऊ शकलं असतं! ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला आणि पहिल्या काही दिवसांत ‘पडला’ असंच सगळीकडे बोललं गेलं. लोकांना जयचं मरणं रुचलं नाही की काय, म्हणून शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा असाही विचार झाला होता. मग जरा थांबून बघू, असं ठरलं. थांबले म्हणून निभावलं, नाहीतर जय जगला असता आणि मावशी अजून त्याच्याकडे वीरूची चौकशी करत बसली असती. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चं तर विचारूच नका. १९५८ साली तो आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी ‘लांबलाय’, ‘पटत नाही’ असली कुरकुर केली. ‘साइट अँड साउंड’ नावाचं एक ब्रिटिश मासिक आहे, ते १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारतं. १९६२पासून २००२पर्यंत पाचही वेळा तिथं ‘सिटिझन केन’ पहिला. आणि २०१२ला पहिला कोण? तर ‘व्हर्टिगो’! मत बदलायला समीक्षकमंडळींना ५४ वर्षं लागली. मला मात्र मित्राचा सव्वातीनला दुसरा मेसेज, ‘बिझी आहेस का?’

बरं, तेही मत टिकलं का? २०२२ला पहिल्या क्रमांकावर आला शांताल अकरमन या दिग्दर्शिकेचा १९७५चा चित्रपट. २०१ मिनिटांचा. त्यात एक बाई घर आवरते, स्वयंपाक करते, बटाटे सोलते, आणि ते आपण अगदी तितकाच वेळ बघत बसायचं असतं. मी बसलो. माझ्या नेहमीच्या वीस मिनिटांनंतर डोळे उघडले तर बाई स्वयंपाकघरातच. आयुष्यात पहिल्यांदा मला झोपेत काही चुकल्यासारखं वाटलं नाही. (चुकलं होतं. त्या चित्रपटाच्या चाहत्यांनी मला नंतर ते बरंच समजावलं.)

आणि ‘काय अभिनय केलाय!’ हे आपलं लाडकं मत. रशियात शंभरएक वर्षांपूर्वी कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकानं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा तीन ठिकाणी जोडला. एकदा सूपच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा एका बाईनंतर. बघणारे म्हणे भारावून गेले. काय ती भूक, काय ते दुःख, काय ती ओढ! नटानं तर काहीच केलं नव्हतं. ही हकीकत वाचली त्या दिवसापासून अभिनयाबद्दल बोलताना मी ‘मला वाटतं’ हे दोन शब्द आधी लावतो. माझ्या त्या विचारी चेहऱ्याबद्दल मागच्या रांगेतल्यांचंही काहीतरी मत होत असेलच की.

मत नावाची भानगड ज्यात मुळीच नव्हती असं चित्रपटांचं एक युग मी पाहिलंय. त्या युगात माझी आतेबहीण चित्रपट बघून यायची आणि आम्हाला सांगायची.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला मोठ्यांबरोबर चित्रपटाला नेत, आम्हाला ‘तुम्हाला काय कळणार त्यातलं’ म्हणून घरी ठेवत. रात्री अंथरुणं पडली, दिवा गेला, की ताई सुरू करायची. चित्रपट तीन तासांचा असेल तर ताईचा तीन रात्रींचा. पार्श्वसंगीत तीच. घोड्यांच्या टापा मांडीवर. गाणी सगळी कडव्यांसकट, आणि शब्द आठवले नाहीत तर ‘ला ला’ करत, पण कडवं गाळायचं नाही. ऐन मोक्यावर ती ‘मध्यंतर!’ म्हणायची आणि मग आम्ही चौघं अंधारात एकमेकांचे हात धरून लघवीला जाऊन यायचो. परत येईपर्यंत ती गप्प. आमच्यातलं कुणी झोपलं तर त्याला हलवून जागं करायची आणि ‘कुठवर ऐकलंस?’ विचारून तिथून पुन्हा सांगायची. इतका मान मला नंतर कुठल्याही थिएटरात मिळालेला नाही.

कसा होता, आवडला का, चांगला की वाईट, हे तिनं कधी सांगितल्याचं आठवत नाही. आम्हीही विचारलं नाही. ‘मग?’ एवढंच विचारायचो.

त्यातला एक प्रसंग मला अजून दिसतो. नायिका पुलावर उभी आहे. धो धो पाऊस. खालून नाव चालली आहे, नावेत तो. वारा सुटतो, तिची छत्री उलटी होते, हातातून निसटते, गोल गोल फिरत पाण्यात पडते आणि नावेच्या मागं मागं वाहत जाते. नायिका छत्रीकडे बघतसुद्धा नाही. ताई इथं थांबायची. बराच वेळ थांबायची. मग अगदी हळू म्हणायची, ‘काळी छत्री होती.’

पुढं तिशीत मला तो चित्रपट टीव्हीवर सापडला. त्या रात्री मी झोपलो नाही, डोळ्यांना पाणी लावून बसलो. पूल आला. नाव आली. लख्ख ऊन पडलेलं होतं. नायिकेनं उन्हाची तिरीप लागू नये म्हणून कपाळावर हात धरलेला. नाव गेली, ती घरी गेली. छत्री नाही, पाऊस नाही, ढगसुद्धा नाही.

मी दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला.

‘टीव्हीवाल्यांनी कापली असेल,’ ती म्हणाली.

‘आणि पाऊस?’

‘तोही कापला असेल.’

‘अगं, पाऊस कसा कापतील? ऊन होतं तिथं!’

‘पाऊसच कापल्यावर ऊन पडणारच ना?’

यावर काय बोलणार? विषय तिथंच संपला. नंतर मी कधी काढला नाही. आणि गंमत म्हणजे तो चित्रपट आठवला की मला आजही पाऊसच आठवतो. टीव्हीवरचं ऊन मी मुद्दाम आठवायला गेलो तरच येतं.

तर आज दुपारी, मित्राला काय लिहावं याचा असा विचार, म्हणजे विचार कसला, चालढकल चालली असताना ताईचाच फोन आला. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. नजरेचा मधला भाग पुसला गेलाय, कडा शाबूत आहेत. घरात भिंतीला न धडकता वावरते, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. पडद्यावर तिला माणसांच्या बाह्या दिसतात, पडदे दिसतात, खिडक्या दिसतात. पहिले काही महिने ती टीव्हीसमोर नुसतं ऐकत बसायची. मग तेही सोडलं. म्हणाली, ‘हल्लीच्या सिनेमातली माणसं बोलतात कमी आणि एकमेकांकडे बघतातच जास्त. मला काय पत्ता लागणार?’

‘काल गेला होतास म्हणे,’ ती म्हणाली. ‘सांग.’

‘बरा आहे गं,’ मी सवयीनं म्हणालो.

‘ते नको. सिनेमा सांग.’

मी उशी पाठीशी घेतली. ‘सुरुवातीला काळोख असतो,’ म्हटलं. ‘काहीच दिसत नाही. नुसता गाडीचा आवाज येतो.’

‘मालगाडी?’

मला आठवावं लागलं. ‘हो. लांबलचक. संपतच नाही.’

‘हं.’

मग सांगत गेलो. नायकाचं घर, जिन्यातला बंद पडलेला दिवा, तो रोज बदलीन बदलीन म्हणतो आणि बदलत नाही. समोर राहणारी ती बाई. दोघांचं न बोलणं. ते न बोलणं कसं सांगायचं, तिथं जरा अडखळलो. मग तो दार लावताना आवाज होऊ नये म्हणून कडी कशी धरून ठेवतो ते सांगितलं. माझ्या हे लक्षात आलं होतं हे काल मला माहीत नव्हतं. मध्यंतर आलं तेव्हा मी ‘मध्यंतर!’ म्हणालो आणि पलीकडून ती हसली. तेवढ्यात उठून पाणी पिऊन आली. फोनमधून तिची पावलं ऐकू येत होती, सावकाश, हातानं काहीतरी धरत धरत चाललेली.

‘हं. आले.’

‘तर एक दिवस रात्री तो घराबाहेर पडतो,’ मी म्हणालो. ‘जिन्यात अंधारच. तो दोन पायऱ्या उतरतो आणि थांबतो. तिच्या दाराखाली उजेडाची रेघ आहे.’

इथवर मी पाहिलं होतं. यापुढं प्लास्टर आणि कपबश्या.

पलीकडे ताईचा श्वास ऐकू येत होता.

‘मग?’ ती म्हणाली.

‘मग पाऊस येतो,’ मी म्हणालो.